फिल्म दर वेळी फुगते, सुटते, जांभळी पडते: हात तपासण्याआधी रोल तपासा

"मामा, परत आले." भाच्याचा एवढाच निरोप आणि खाली फोटो. गाडीची मागची काच, तिच्या खालच्या कडेला बोटाएवढ्या रुंद उभ्या सुरकुत्यांची रांग, आणि प्रत्येक सुरकुतीत हवा. ऊन अडवायला गाडीच्या काचेला आतून चिकटवतात ती काळसर फिल्म, आणि वर्षभरातली ही तिसरी. पहिल्या वेळी पाणी नीट निथळलं नाही, असं त्याने ठरवलं. दुसऱ्या वेळी नवी स्क्वीजी, म्हणजे पाणी निपटायची रबरी पट्टी, आणली. तिसऱ्या वेळी गरम हवा फेकणारी हीट गन आणून दोन तास काचेशी झटला. रोल मात्र तिन्ही वेळा त्याच जातीचा, कारण त्याला ती सावली आवडली होती.

मी त्याला हसलो नाही. माझ्या जुन्या गाडीवर मी दोनदा स्वतः फिल्म चढवली आणि दोन्हीदा खरवडून काढली. पहिली आठ महिन्यांत जांभळी पडली. दुसरीला वर्षाच्या आत अंगावर पुरळ उठावी तसे बारीक फुगे आले. घरच्यांनी माझ्या हाताला नावं ठेवली, मीही ठेवली. खरवडलेली फिल्म दोन्ही वेळा चुरगाळून टाकून दिली. तिच्याकडे दोन मिनिटं पाहिलं असतं तर पुढचे दोन रविवार वाचले असते.

म्हणून पुन्हा पुन्हा हाच त्रास होत असेल, तर नवा रोल मागवण्याआधी जुनी फिल्म काय सांगते ते बघा.

फुगा कधी आला?

फुगा म्हणून आपण निरनिराळ्या चार गोष्टींना एकच नाव देतो. त्यांना वेगळं करणारा पहिला प्रश्न म्हणजे तो कधी दिसला.

लावल्यावर पहिल्या काही दिवसांत पसरट, दुधाळ डाग दिसत असतील आणि नखाने दाबल्यावर जरा सरकत असतील, तर ते पाणी आहे. त्याला हात लावू नका. हे पाणी फिल्ममधून हळूहळू वाफ होऊन जातं. गाडी उन्हात उभी राहत असेल तर काही दिवस पुरतात. थंडी असेल किंवा फिल्म जाड असेल, तर महिनाही लागतो. लोक तिसऱ्या दिवशी धीर सोडतात, सुई घेऊन बसतात आणि जे आपोआप गेलं असतं तिथे कायमची भोकं पाडून ठेवतात.

फुग्याच्या मधोमध टोक असेल आणि बोट फिरवल्यावर खडा लागत असेल, तर आत कण किंवा धागा अडकला आहे. हा दोष हाताचा आणि जागेचा. दाराच्या रबराच्या खाचेत बसलेली धूळ पाण्याबरोबर वर येते, अंगातल्या लोकरीच्या कपड्याचे तंतू गोंदाकडे ओढले जातात. इथे कितीही भारी फिल्म आणली तरी फरक पडणार नाही. सुती, धागे न सुटणारे कपडे घाला, काच दोनदा धुवा, रबराच्या कडेला पाणी मारून तिथला मळ आधी निपटून घ्या.

तिसरी जात भाच्याची. सुरकुतीत कोंडलेली हवा, बहुतेक वळणदार काचेच्या कडेला. दाबली की बसते, हात काढला की पुन्हा उठते. ही त्याच दिवशी दिसते, निदान दुसऱ्या दिवशी तरी. याचा अर्थ फिल्म त्या काचेच्या गोलाईवर बसायला तयार नाही. तिला बळजबरीने बसवलं की ती रात्रीतून उठते.

चौथी जात सगळ्यांत वाईट. सहा महिने, वर्षभर काच आरशासारखी गुळगुळीत होती आणि मग एकाएकी मध्यभागीसुद्धा शेकडो बारीक फुगे. हा गोंद हरलेला आहे. उन्हाने आणि उष्णतेने गोंदाची पकड सुटत जाते आणि फिल्म काचेपासून जागोजागी उचलली जाते. टोचून, तापवून, दाबून काही होत नाही. ती फिल्म उतरवायचीच.

यात पहिल्याला वाट पाहणं हाच इलाज, दुसऱ्याला स्वच्छता. तिसऱ्या आणि चौथ्याचा निकाल मात्र बहुतेक वेळा आपण फिल्म निवडतो त्याच दिवशी लागलेला असतो.

दाराच्या काचेची वरची कड सुटण्याचं दुखणं वेगळं आहे आणि त्याचा दोष मी फिल्मला देणार नाही. भाच्याच्या डाव्या दाराचीही कड सुटली होती.

"काच खाली कधी केलीस?"

"दुसऱ्याच दिवशी. गरम होत होतं, मामा."

झालं. गोंद धरायच्या आत काच खाली गेली की ओली फिल्म रबराला घासून गोळा होते. तीन-चार दिवस काच हलवायची नाही, थंडीत आठवडाभर. शिवाय वरच्या कडेला फिल्म काचेच्या अगदी टोकापर्यंत नेऊ नका, मिलिमीटर-दोन मिलिमीटर आधी थांबवा. खालची कड मात्र रबराच्या आत काही मिलिमीटर गेली पाहिजे. कोपरे टोकदार ठेवू नका, किंचित गोल कापा. टोकदार कोपरा आधी सुटतो.

जांभळा रंग कुठून येतो

स्वस्त फिल्ममध्ये काळेपणा रंगाचा असतो. तो एकच काळा रंग नसतो, दोन-तीन रंग मिसळून काळा केलेला असतो. उन्हात हे रंग सारख्या वेगाने उडत नाहीत. बाकीचे लवकर उडतात, लालसर-जांभळी छटा मागे राहते. बऱ्याच स्वस्त फिल्ममध्ये तर हा रंग प्लास्टिकमध्येही नसतो, तो गोंदातच कालवलेला असतो. म्हणजे ज्या गोंदाने काच धरून ठेवायची त्याच्यावरच उन्हाशी लढायची दुसरी जबाबदारी. रंग उडतो आणि पाठोपाठ पुरळही उठते, ती अशा फिल्मवर.

हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. नमुन्याचा तळहाताएवढा तुकडा घ्या. एका कोपऱ्यावर दोन्ही बाजूंनी चिकटपट्टीचा एकेक तुकडा लावा आणि दोन्ही पट्ट्या विरुद्ध दिशांना ओढा. गोंद झाकणारा पारदर्शक पापुद्रा, म्हणजे लायनर, सुटून येतो आणि गोंदाची बाजू उघडी पडते. कापसाच्या बोळ्यावर नखांचं पॉलिश काढायचं अॅसिटोनवालं द्रव घ्या आणि गोंदावर दहा-पंधरा वेळा घासा. मी हे केलं तेव्हा बोळा आधी राखाडी झाला, मग निळसर-जांभळा, आणि घासलेल्या जागेची फिल्म जवळजवळ पांढरी पारदर्शक राहिली. आठ महिन्यांत माझ्या काचेवर जे झालं ते माझ्या डोळ्यांदेखत मिनिटभरात झालं. बोळ्यावर नुसता गोंदाचा चिकटा आला आणि फिल्मची सावली तशीच राहिली, तर रंग किंवा कण पॉलिएस्टरच्या, म्हणजे फिल्मच्या प्लास्टिकच्या, आत आहेत. निदान ही एक परीक्षा ती पास झाली. खिडकी उघडी ठेवून करा आणि गाडीच्या आत करू नका. अॅसिटोन प्लास्टिक खातं.

कार्बनच्या फिल्ममध्ये काळेपणा कार्बनच्या कणांचा असतो, त्यामुळे तो उडत नाही आणि जांभळाही पडत नाही. सिरॅमिक फिल्ममध्ये धातूंची ऑक्साइडं, नायट्राइडं यांचे अतिसूक्ष्म कण असतात. ते उजेड फारसा न अडवता उष्णतेचे किरण अडवतात. धातूचा पातळ थर दिलेली फिल्मही वर्षानुवर्षं रंग धरून ठेवते, तिचा त्रास वेगळा आहे, तो पुढे येईल.

रोलवर काय छापलंय ते वाचलं का?

आता भाच्याच्या सुरकुत्यांकडे. त्याला म्हटलं, उरलेला रोल घेऊन ये. रोलच्या पुठ्ठ्याच्या नळीवर चिकटवलेलं लेबल होतं. त्यावर सावलीचा आकडा मोठ्या अक्षरात आणि खाली बारीक अक्षरात: सपाट काचेसाठी. म्हणजे घराच्या, कार्यालयाच्या खिडक्यांची फिल्म. तीन वेळा त्याने तो रोल उलगडला आणि तीनदा ती ओळ त्याच्या नजरेखालून गेली.

गाडीची मागची काच दोन्ही दिशांना वळलेली असते. वाडग्यावर कागद बसवून पाहा, कडेला चुण्या पडणारच. फिल्मलाही पडतात. गाडीची फिल्म तापवली की आकसते, आणि त्या चुण्या तिच्या आकसण्यात जिरवायच्या असतात. घरच्या खिडकीची फिल्म त्यासाठी बनवलेलीच नसते. ती तापवली की मुरगळते, पिवळी पडते, भोक पडतं, पण मनासारखी आकसत नाही. तिचा गोंदही गाडीच्या काचेइतकी उठबस आणि तापमानाची चढउतार गृहीत धरून केलेला नसतो. हीट गन घेऊन दोन तास झटणारा माणूस तिथे हरणारच.

रोल विकत घेण्याआधी नमुना मिळाला तर ही परीक्षा घ्या. दहा सेंटिमीटर लांब-रुंद चौकोन कापा. रोल ज्या दिशेने उलगडतो त्या दिशेला मार्करने बाण काढा. चौकोन जुन्या काचेच्या तुकड्यावर किंवा सपाट लाकडावर ठेवून हीट गन वीसेक सेंटिमीटर लांब धरून फिरवत तापवा, एका जागी थांबू नका. मग दोन्ही बाजू पट्टीने मोजा. गाडीची फिल्म एका बाजूने स्पष्ट लहान झालेली दिसते, दुसऱ्या बाजूने फारशी नाही. दोन्ही बाजू तेवढ्याच राहिल्या आणि कोपरे नुसते गुंडाळले गेले, तर ती फिल्म मागच्या काचेवर नेऊ नका. सावली कितीही सुंदर असो.

ही एका दिशेची गोष्ट फार कमी लोक सांगतात आणि तिच्यामुळे चांगली फिल्मही फसते. फिल्म दोन्ही दिशांना सारखी आकसत नसल्याने काही सुरकुत्या उष्णतेने लगेच बसतात आणि काही दुमडून तिथेच कायमची चुणी होतात. मी असं करतो: फिल्म काचेच्या बाहेरच्या बाजूला, लायनर आपल्याकडे ठेवून पसरतो, मधोमध साबणाच्या पाण्याने धरून ठेवतो आणि एक उभी, एक आडवी अशा दोनच लहान सुरकुत्या हलक्या आंचेवर बसवून बघतो. जी बसते त्याच प्रकारच्या बनतील अशा रीतीने बाकीच्या सुरकुत्या हाताने वळवून घेतो. नाही जमलं तर फिल्म काटकोनात फिरवून पुन्हा मांडतो.

फिरवून मांडायला रोल रुंद हवा. घरगुती किटमध्ये बहुतेक अर्ध्या मीटर रुंदीचा रोल मिळतो. दाराच्या काचांना तो पुरतो. मागच्या काचेला मात्र तो एकाच दिशेने बसतो, आणि तोही जोड देऊन. भाच्याने डिफॉगरच्या, म्हणजे काच तापवून दव घालवणाऱ्या, तारेवर जोड लपवला होता. दुरून दिसत नव्हता, पण त्या जोडातून पाणी शिरून फिल्मची कड काळी पडायला लागली होती. मागच्या काचेसाठी १५२ सेंटिमीटर, म्हणजे ६० इंच रुंदीचा रोल घ्या. उरला तर दारांना कामी येतो.

जाडीबद्दल थोडक्यात. गाडीची नेहमीची फिल्म दीड ते दोन मिल जाड असते. एक मिल म्हणजे २५ मायक्रॉनच्या जरा वर, म्हणजे ही फिल्म सुमारे ३८ ते ५० मायक्रॉन. त्याहून पातळ असेल तर हातात घेताच चुरगळते आणि ती चुणी कधी जात नाही. चार मिलची सुरक्षा फिल्म काच फुटल्यावर तुकडे धरून ठेवते हे खरं, पण पहिल्यांदा लावणाऱ्याने तिला गोल काचेवर आणू नये. दाराच्या काचेवर हौस भागवावी.

जास्त काळी म्हणजे जास्त गार?

भाच्याची पुढची फर्माईश: "मग तशीच काळी, पण गाडीची."

इथे लोकांची सर्वांत मोठी गफलत होते. फिल्मवरचा टक्का म्हणजे व्हीएलटी, तो किती उजेड आत येतो ते सांगतो. ५ टक्के म्हणजे जवळजवळ रात्र, ७० टक्के म्हणजे सावली असल्याचंही कळत नाही. आकडा लहान तितकी फिल्म काळी. पण उन्हातल्या उष्णतेपैकी निम्म्याहून थोडा जास्त वाटा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा असतो. दिसणाऱ्या उजेडाचा वाटा साधारण ४० ते ४५ टक्के. उरलेला थोडासा, ३ ते ५ टक्के, अतिनील. नुसत्या रंगाची काळीकुट्ट फिल्म उजेड अडवते, अवरक्त बराचसा सोडून देते. वर तिने शोषलेली उष्णता काचेत साठते आणि काच तापून आतल्या माणसाच्या खांद्यावर शेक देते. चांगली ७० टक्क्यांची सिरॅमिक फिल्म स्वस्त २० टक्क्यांच्या रंगीत फिल्मपेक्षा गाडी गार ठेवू शकते.

मग बघायचा आकडा कोणता? टीएसईआर, म्हणजे एकूण सौर ऊर्जेपैकी किती टक्के बाहेर राहिली. आयआर रिजेक्शनच्या, म्हणजे अवरक्त किती अडवलं त्याच्या, मोठ्या आकड्याला भुलू नका. तो आकडा कधी कधी एकाच तरंगलांबीवर, समजा ९५० नॅनोमीटरवर मोजलेला असतो. अवरक्त पट्टा ७८० नॅनोमीटरपासून २५०० पर्यंत पसरलेला आहे. एका जागी ९५ टक्के अडवणारी फिल्म सगळ्या पट्ट्यात बरीच कमी अडवत असू शकते. दुकानात दिव्यासमोर फिल्म धरून हात ठेवायला सांगतात, तोही याच जातीचा खेळ. दिव्याची उष्णता आणि उन्हाची उष्णता सारखी नसते. नमुना घेऊन बाहेर या, उन्हात दंडाशेजारी धरा आणि पाच मिनिटांनी नमुन्यालाच हात लावून बघा. नमुना चटका देत असेल तर ती फिल्म उष्णता शोषून बसली आहे.

अतिनीलच्या बाबतीत मात्र फारशी चिंता नको. बऱ्या फिल्म, अगदी पारदर्शकसुद्धा, ९९ टक्क्यांच्या आसपास अतिनील अडवतात. सीटचं कापड आणि हाताची कातडी दोन्हींना त्याचा फायदा होतो.

आणि एक गुणाकार विसरू नका. काच स्वतः काही उजेड अडवतेच. काच ७५ टक्के उजेड सोडत असेल आणि फिल्म ३५ टक्क्यांची असेल, तर आत येतो ०.७५ गुणिले ०.३५, म्हणजे २६ टक्के. मागच्या दारांना कंपनीतूनच गडद काच असेल, समजा २० टक्क्यांची, तर त्यावर ३५ ची फिल्म म्हणजे ७ टक्के. रात्री गाडी मागे घेताना खांब दिसणार नाही. त्या गडद काचेवर पारदर्शकाजवळची सिरॅमिक लावा. तिथे सावली आधीच आहे, गरज आहे ती उष्णतेच्या अडसराची. पोलिसांचा मीटरही काच आणि फिल्म मिळून जो आकडा येतो तोच दाखवतो. कुठल्या काचेवर किती चालतं, मुळात फिल्म चालते का, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं आहे आणि पुढच्या काचेबाबत बहुतेक ठिकाणी कडक आहे. रोल घेण्याआधी आपल्याकडचा नियम वाचा. नाहीतर पुढची फिल्म उतरवायचा मुहूर्त दुसराच कोणी काढेल.

नमुना काचेला आतून पाण्याने चिकटवा आणि रात्री गाडीत बसून आरशातून मागे बघा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली निवडलेली सावली रात्री नेहमीच जास्त काळी निघते.

धातूवाली फिल्म आणि हरवलेला रेडिओ

धातूच्या थराची फिल्म उष्णता चांगली परतवते आणि टिकते. पण ती रेडिओच्या लहरीही अडवते. कित्येक गाड्यांचा अँटेना मागच्या काचेतच छापलेला असतो. त्याच्यावर धातू चढवला की रेडिओ खरखरतो. कधी नॅव्हिगेशन चुकतं, मोबाइलची रेंज पडते, काचेवर चिकटवलेला टोलचा टॅग वाचला जात नाही, काही वेळा लांबून दार उघडणारी किल्लीही जवळ येऊन दाबावी लागते. तुमच्या मागच्या काचेवर डिफॉगरच्या आडव्या तारांशिवाय आणखी वेगळ्या नागमोडी रेषा दिसत असतील, तर तिथे धातू नको. कार्बन किंवा सिरॅमिक घ्या. घराच्या खिडकीच्या बऱ्याच फिल्म चकचकीत धातूच्याच असतात, भाच्याची होती तशी. त्याचा रेडिओ वर्षभर खरखरत होता आणि तो नवा रेडिओ बघत होता.

गोंदाशिवाय, नुसत्या स्थिर विजेने चिकटणारी फिल्म मिळते. भाड्याच्या गाडीला, मुलांच्या बाजूच्या काचेला तात्पुरती म्हणून ठीक. मागच्या गोल काचेवर ती टिकत नाही. तिला या हिशेबात धरू नका.

फिल्म बरोबर निवडली, तरी फसते तिथे

जुना गोंद. पुष्कळदा दुसरी फिल्म फुगते ती पहिलीच्या उरलेल्या गोंदावर. जुनी फिल्म वाफेने सैल करा, कोपरा धरून सावकाश, जवळजवळ काचेला समांतर ओढा. घाईने ओढली की प्लास्टिक हातात आणि गोंद काचेवर. मागच्या काचेवर पोलादी ब्लेड अजिबात नको. डिफॉगरची तार काचेच्या आतल्या बाजूला छापलेली असते, एक ओरखडा आणि त्या रांगेचं दव कायमचं राहणार. प्लास्टिकचं ब्लेड, वाफ आणि संयम. भाच्याची तिसरी फिल्म काढायला आम्हाला अख्खी दुपार लागली, त्यातला दोन तृतीयांश वेळ गोंदाचाच.

काचेच्या कडेचे काळे ठिपके. हे ठिपके काचेपेक्षा किंचित वर असतात, त्यामुळे फिल्म त्यांच्या मधल्या जागेत काचेला टेकत नाही आणि कडेने पांढरी-चंदेरी पट्टी दिसते. तो फुगा नाही आणि चांगल्या फिल्मलाही येतो. पाणी पूर्ण वाळल्यावर बोथट कडेने कापड गुंडाळून दाबत गेलात तर बराच कमी होतो. पूर्ण जाईलच असं नाही. हे आधी माहीत असलं म्हणजे माणूस त्या पट्टीपायी चांगली फिल्म फाडून काढत नाही.

पाणी आणि साबण. लिटरभर गाळलेल्या पाण्यात बाळांच्या शाम्पूचे काही थेंब पुरतात. हात मऊ राहावेत म्हणून ज्यात काहीबाही घातलेलं असतं तो भांड्यांचा द्रव वापरू नका, ते थर गोंदाखाली राहतात. क्षारांचं पाणी वाळलं की ठिपके सोडतं. शाम्पू जास्त झाला तर फिल्म छान सरकते आणि नंतरही सरकतच राहते. लावल्यानंतरही काच पुसायला अमोनियाचं क्लीनर नको.

हवा. भर उन्हात तापलेल्या काचेवर पाणी सेकंदात वाळतं आणि फिल्म जिथे टेकली तिथेच धरते. कडाक्याच्या थंडीत गोंद नीट धरत नाही. १५ ते २५ अंशांच्या दरम्यान, सावलीत, वारा नसलेल्या जागी काम करा.

भाच्याने या वेळी १५२ सेंटिमीटरचा गाडीचा रोल घेतला, कार्बनचा, ५० टक्क्यांचा, नियम बघून. चौकोनाची परीक्षा त्याने स्वतः घेतली. दहा सेंटिमीटरचा चौकोन बाणाच्या दिशेने आखूड झालेला दिसला तेव्हा त्याने पट्टी दोनदा लावली. मागच्या काचेवर पहिल्यांदा उभ्या सुरकुत्यांना हीट गन दाखवली, तर त्या बसेनात, म्हणून फिल्म फिरवून मांडली. रुंद रोल असल्याने ते शक्य झालं. नंतर एकेक सुरकुती काचेवर ताणलेल्या कापडासारखी सपाट होत गेली. शेवटी कोपऱ्यात एक उरली, साधारण करंगळीएवढी. ती तशीच राहू दे म्हटलं. जास्त आंच दिली असती तर तिथे भोक पडलं असतं.

सध्या चारही दारांच्या काचेच्या बटणांवर त्याने चिकटपट्टी लावून ठेवली आहे, मागे बसणारा कोणी सवयीने दाबू नये म्हणून. मागच्या काचेवर अजून दोन दुधाळ डाग आहेत. नखाने दाबल्यावर सरकतात.